सरूबाईचं लुगडं

लंका गेली हे मला सगळ्यांत शेवटी कळलं. तोवर घोडेगावच्या कोर्टात सगळ्यांना कळलं होतं. वकिलांनी काळे कोट काढून खुर्च्यांवर टाकले होते आणि कोर्टासमोरच्या चहावाल्याने स्टोव्ह बंद केला होता. मी मंचरला माझ्या दुकानात विहिरीतली एक जळालेली पाणबुडी मोटार नव्या तारेने भरत बसलो होतो. शेजारच्या खतवाल्याच्या फोनवर निरोप आला. तो दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादाभाऊ, हातातली तार ठेवा."

मी म्हणालो, "एवढे वेढे होऊ द्या."

तो तिथेच उभा राहिला. "ठेवा म्हनतो ना," तो म्हणाला, आणि त्याने स्वतःच माझ्या हातातून तार काढून घेतली.

मी स्कूटरवरून घोडेगावला घरी पोचलो, तेव्हा दवाखान्यातून आलेली जीप दारात उभी होती. माणसं बाजूला झाली. मागच्या सीटवर लंकाला आडवी ठेवली होती आणि तिचं डोकं सरूबाईच्या मांडीवर होतं. सरूबाई म्हणजे माझ्या बायकोची अशील. लंका वकील होती. सरूबाईची केस ती बारा वर्षं लढत होती. जीपवाला भागू हळूच म्हणाला, "डोंगरावरून खाली येईस्तवर म्हातारीनं मांडी हलवली न्हाई, भाऊ. दवाखान्यात बी मंग म्हातारीला संगटच आत घेतली."

मी लंकाच्या तोंडाकडे नंतर बघितलं. आधी लुगडं बघितलं. सकाळी ती पांढरी साडी नेसून गेली होती, कोर्टात जायची तशी. आता तिच्या अंगावर जाड सुताचं गडद हिरवं लुगडं होतं, डोंगरातल्या बायका नेसतात तसं, गुडघ्याच्या खाली थोडंसं, मागे कासोटा. लंका आमच्या लग्नातही नऊवारी नेसली नव्हती.

"हे कुणाचं लुगडं?" मी विचारलं. बायको गेलेल्या माणसाने पहिलं हे विचारावं का, मला माहीत नाही. मी विचारलं.

"तिचंच," सरूबाई म्हणाली. "आज नेसावलं तिला. तारीख फुडं गेली, सायेब रजेवर व्हते. म्हनलं, चल वर. नवं भात झोडून झालंय, लेकीला जेवू घालावं, चोळी-बांगडी करावी. तिला काय माहेर ऱ्हायलंय?"

माहेर होतं. अवसरीला होतं, मंचरच्या पलीकडे. चांगदेव नावाचा थोरला भाऊ होता, बागायत होती, नवं स्लॅबचं घर होतं. पण सरूबाईमुळे ते माहेर तुटलं होतं, आणि तीच आता असं म्हणत होती.

डिंभ्याचं धरण झालं तेव्हा सरूबाईचं गाव पाण्याखाली गेलं. कायदा असा होता की, ज्यांच्या शेतांना कालव्याचं पाणी मिळणार त्यांच्याकडची जास्तीची जमीन काढून थोडी थोडी या उठवलेल्या लोकांना द्यायची. सरूबाई विधवा, पोरबाळ नाही. तिच्या नावावर जी जमीन निघाली ती अवसरीच्या शिवारात, चांगदेवच्या मळ्यातली. सातबाऱ्यावर नाव सरूबाईचं आलं आणि नांगर चांगदेवचाच राहिला. त्याने कोर्टातून स्टे आणला. सरूबाई धरणाच्या काठावर, पाण्याच्या वर राहिलेल्या खडकाळ तुकड्यावर खोपटं बांधून राहिली आणि कागद घेऊन वकिलांच्या दारात फिरू लागली. फिरत फिरत ती लंकाकडे आली.

मी तेव्हा घरात होतो. लंकाने कागदावर भावाचं नाव वाचलं. मग तो कागद शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, "बसा मावशी, चहा घ्या."

ती गेल्यावर मी म्हणालो, "दुसऱ्या कुणाकडे पाठव."

"दुसऱ्यांनीच माझ्याकडे पाठवलीय," लंका म्हणाली. "चांगदेवदादाच्या विरोधात इथे कोण उभं राहणार?"

"आणि तू राहणार?"

"अहो, ती म्हातारी चार बस बदलून आलीय. मी नाही म्हणून सांगायला तोंड तुमचं वापरू का?"

त्या साली भाऊबीजेला अवसरीहून कुणी आलं नाही, तिलाही बोलावणं आलं नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात. लंकाने अंगणात ताट नेऊन चंद्राला ओवाळलं. पुढच्या सालीही ओवाळलं. मग ती रीतच पडली. माझी चुलती सोनीबाई एकदा म्हणाली, "भाऊ जित्ता असताना ही चांदोबाला ववाळती, लोक काय म्हन्तील?" लंका म्हणाली, "चांदोबा स्टे आणत नाही, सासूबाई."

वकिलीचे पैसे आमच्या घरात आले नाहीत असं नाही, पण जे आले ते दुसऱ्या दाराने गेले. डोंगरातली माणसं फी म्हणून हिरडा आणायची, वरई आणायची, तांदूळ आणायची. आमच्या ओट्यावर हिरड्याची पोती असायची आणि सगळ्या घराला तो तुरट वास असायचा. लंका तो हिरडा भाव आल्यावर विकायची आणि त्याच पैशातून त्याच माणसांना पुण्याच्या तारखेला एसटीचं भाडं द्यायची. टायपिंग, नकला, स्टँप, नकाशे, सगळं तिच्या पदरचं, म्हणजे माझ्या दुकानातलं. आमची सोनल बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली. तिला पुण्याला फार्मसीला जायचं होतं. त्या साली सरूबाईचं अपील पुण्याला लागलं. सोनल मंचरला बीएला गेली. सोनल काही बोलली नाही. मी बोललो.

"लोकांच्या मोटारी जळतात म्हणून तुझ्या केसेस चालतात," मी म्हणालो.

"मग वीज बोर्डाला नमस्कार करा," लंका म्हणाली आणि हसली. ती हसली की मला पुढचं बोलता यायचं नाही.

पैशाचं मी सोसलं असतं. दुसऱ्या गोष्टीचं मला सोसत नव्हतं. तारखेच्या आदल्या दिवशी सरूबाई मुक्कामाला आमच्याकडे यायची. लंका तिच्या केसांना तेल लावायची. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या लंकाच्या पर्समध्ये असायच्या. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा लंका दवाखान्यात आली ती कोर्टातून, सरूबाईला घेऊन. म्हातारी दमली होती म्हणून माझ्या खाटेशेजारच्या बाकावर ती झोपली आणि लंका रात्र होईपर्यंत उभी राहिली. माझ्याशी लंका कोर्टातलं बोलायची, कोण साहेब कसा, कोणत्या वकिलाने काय चाल केली. घरातलं ती सरूबाईशी बोलायची. स्वयंपाकघरात दोघींचं चाललेलं असायचं आणि मी पाणी प्यायला आत गेलो की दोघी थांबायच्या. काय बोलत होता विचारलं तर लंका म्हणायची, "बायकांचं."

बायकोचा जीव दुसऱ्या पुरुषावर बसला तर काय करायचं ते लोकांना ठाऊक असतं. भांडतात, मारतात, सोडून देतात. डोंगरातल्या एका म्हातारीवर जळणाऱ्या माणसाने काय करायचं? कुणाला सांगितलं असतं तर हसला असता. मी जळत होतो, आणि त्या दिवशी जीपच्या दारात उभा राहून ते लुगडं बघताना सगळ्यांत जास्त जळत होतो.

लंकाला ओट्यावर घेतलं. सोनीबाई चुलतीने बायकांचा ताबा घेतला आणि म्हणाली, "सवाष्ण गेलीय. माहेरचं लुगडं पडल्याबिगर उचलायची न्हाई."

"पडलंय की," सरूबाई म्हणाली. "अंगावरच हाय."

"अंगावरचं आंघुळीला उतरवत्यात, बये. आन् माहेर म्हंजी रक्ताचं."

"रगताचं कवा आलंय गेल्या बारा सालात? मला दावा."

सोनल माझ्याकडे बघत होती. कुणीतरी अवसरीला फोन केला होता. तिकडून 'कळलं' एवढंच म्हणून फोन ठेवला होता.

"मी जातो," मी म्हणालो. "चांगदेवला घेऊन येतो."

"तुमी कशापायी उठताय?" भागू म्हणाला. "जीप घिऊन मी जातो की."

"तुझ्याबरोबर तो येणार नाही."

लोकांना वाटलं, रीत पाळायला चाललाय. मी चाललो होतो ते सरूबाईचं लुगडं लंकाबरोबर जाऊ नये म्हणून. शेवटी तिच्या अंगावर दुसरं काहीतरी असावं, म्हातारीने दिलेलं नसावं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

अवसरीला चांगदेव दारातल्या खाटेवर बसला होता. टोपी मांडीवर, डोळे लाल. शेजारी ताट झाकून ठेवलं होतं, त्याने जेवण केलं नव्हतं. आणि खाटेवर मंचरच्या दुकानातली पिशवी होती. पिशवीतून हिरवा काठ दिसत होता. म्हणजे त्याने फोन ठेवल्याबरोबर कुणाला तरी लुगडं आणायला पाठवलं होतं. माझ्या जिवात जीव आला.

"चला," मी म्हणालो.

"बसा, पावणं."

"बसायला वेळ नाही. ऊन उतरायला लागलं."

"ती म्हातारी हाय का तिथं?"

"आहे."

"तिच्या मांडीवर गेली म्हनं."

"हो."

त्याने मांडीवरची टोपी खाटेवर ठेवली. मग म्हणाला, "वढ्याला पानी आलं की तिला खांद्यावर घिऊन शाळंत सोडायचो मी. माझी चड्डी भिजायची, तिचं दप्तर भिजायचं न्हाई. आन् त्या पोरीनं कोर्टात मला प्रतिवादी म्हनावं? 'प्रतिवादी खरं सांगत न्हाईत.' समद्या गावाम्होरं. दादा म्हनून खोटं पाड की गं. प्रतिवादी काय?"

मला तो माणूस त्या वेळी फार जवळचा वाटला. जे माझ्या पोटात होतं तेच त्याच्याही पोटात होतं. आम्ही दोघे एकाच म्हातारीवर जळत होतो.

"आता राहू द्या ते," मी म्हणालो. "चला. पोर एकटी आहे घरी."

"येतो. लुगडं आनलंय. चोळी आनलीय. समदं रीतीनं करतो." त्याने पिशवीवर हात ठेवला. "पर एक करा, पावणं. म्हातारीच्या केसची फाईल मला द्या. सांजच्याला उचलून झाली की मंग द्या, घाई न्हाई. सबूद द्या फकस्त."

आत दाराआड त्याची बायको उभी होती. ती म्हणाली, "अवं, आज तरी नका."

"तू गप. तुमचं काय जातंय, पावणं? तुमचं बी घर खाल्लंच की त्या म्हातारीनं. सोनलची फार्मसी गेली, आमाला काय कळत न्हाई व्हय? जमीन मला द्या म्हनत न्हाई. फाईल द्या. फुडचं कोर्ट बघंल."

पुढचं काय होणार ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. सरूबाईला सही येत नव्हती. तिच्याकडे एकही कागद नव्हता. जे होतं ते सगळं त्या जाड फायलीत, मोजणीचे नकाशे, धरणाच्या ऑफिसच्या नकला, पंचांची नावं, बारा वर्षांची टिपणं. ती फाईल नसली तर नवा वकील पहिल्यापासून सुरू करणार आणि म्हातारी तोवर जगणार नाही.

माझं काय जात होतं? मी खरंच विचार केला. त्याच्या अंगणात उभा राहून, लंका ओट्यावर आहे हे माहीत असताना, मी नीट विचार केला. लुगडं मिळत होतं. सरूबाईचा कायमचा काटा निघत होता. ती परत कधी मुक्कामाला आली नसती. मला हो म्हणायचं होतं.

पण फाईल म्हटल्यावर मला लंकाचं अक्षर दिसलं. तिरकं, घाईचं, शेवटची वेलांटी लांब ओढलेलं. पानापानावर होतं ते. मला लंकाने कधी पत्र लिहिलं नाही. एका घरात राहणाऱ्याला कोण लिहितं? तिने जन्मात जेवढं लिहिलं ते सगळं त्या फायलींत लिहिलं, दुसऱ्यांसाठी लिहिलं, आणि सगळ्यांत जास्त या एका फायलीत. ती फाईल मी सरूबाईच्या हातातसुद्धा द्यायला तयार नव्हतो. चांगदेवला कुठून देऊ? त्याने ती चुलीत घातली असती.

"फाईल माझ्या बायकोची आहे," मी म्हणालो.

"म्हंजी न्हाई म्हन्ता."

"नाही म्हणतो."

"मंग त्या म्हातारीलाच म्हनावं कर माहेरपन."

"निदान लुगडं द्या. मी नेतो."

"माहेरचं लुगडं जावई नेतो व्हय? कुठली रीत ही?" तो म्हणाला आणि पिशवी उचलून त्याने मांडीवर घेतली, लहान पोर घेतात तशी. त्याची बायको दाराआड रडायला लागली. मी स्कूटर चालू केली.

घरी आलो तेव्हा त्यांनी वाट बघितली नव्हती. बायकांनी लंकाला आंघोळ घालून परत तेच लुगडं नेसवलं होतं. कपाळभर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, ओटीत नवे तांदूळ. डोंगरातली आणखी माणसं आली होती, बायका ओट्याच्या खाली ओळीने बसल्या होत्या, पुरुषांनी लाकडं आणली होती.

"मीच नेसवायला सांगितलं, बाबा," सोनल म्हणाली. "मामा येणार नव्हता. तुम्हालाही माहीत होतं."

सोनीबाई चुलती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "म्हातारीनं समदं रीतीनं केलं बरं का. कुठं चुकली न्हाई." तिचा विरोध कधी संपला होता कोण जाणे. मी नव्हतो तेव्हा या सगळ्या बायका एक झाल्या होत्या.

मी लंकाजवळ बसलो. त्या लुगड्यात ती मला ओळखीची वाटेना. त्या वरून आलेल्या बायकांपैकी एक वाटत होती. सरूबाई पलीकडे बसली होती.

"जावाई, राग हाय का?" तिने विचारलं. तिने मला त्याआधी कधी जावई म्हटलं नव्हतं.

"आहे."

"असू द्या."

मी विचारायचं नाही असं ठरवलं होतं, पण विचारलं. "शेवटी काय म्हणाली?"

"जेवली. हात धुतला. म्हनली, छातीत कसंतरी व्हतंय, वाईच पडते. मंग माझ्याकडं बघून म्हनली, मावशे, सकाळची गोळी घेतली का?"

"आणखी?"

"आनखी काय न्हाई."

ती खोटं बोलली असती तर मला चाललं असतं. सोनलचं नाव घेतलं म्हणाली असती, माझं घेतलं म्हणाली असती, कोण तपासायला जाणार होतं? पण ती म्हातारी कधी खोटं बोलली नाही. लंका म्हणायची, कोर्टात तिच्यासारखा साक्षीदार मिळत नाही.

आम्ही लंकाला घोड नदीवर नेलं. लुगडं तिच्याबरोबर गेलं.

याला आता तिसरं साल चाललंय. सरूबाईची केस जुन्नरच्या एका तरुण वकिलाने घेतली आहे. तो हिरडा घेत नाही, रोख घेतो. त्याची फी मी दुकानातून देतो. सोनलच्या लग्नाला ठेवलेल्यातून एकदा द्यावी लागली, तेव्हा सोनल म्हणाली, "आईवरचा राग आईसारखंच वागून काढताय का?" मी नोटा मोजत राहिलो.

फाईल मी वकिलाच्या ऑफिसात ठेवू देत नाही. तारखेला मी स्वतः घेऊन जातो, कोर्टाच्या बाकावर मांडीवर घेऊन बसतो, वकील मागेल तो कागद काढून देतो आणि काम झालं की परत घेतो. "काका, माझ्याकडे राहिली तर मला वाचता तरी येईल," तो म्हणतो. मी म्हणतो, "घरी येऊन वाचा." तो येतो, आमच्याकडे जेवतो आणि वाचतो.

सरूबाई प्रत्येक तारखेला येते. आता ती मुक्कामाला सोनीबाई चुलतीकडे उतरते, माझ्याकडे नाही. पण बाकावर ती माझ्याशेजारी बसते आणि लंकाचं बोलते. लंकाला पोहायला येत होतं. लंका लहानपणी एकदा घरातून पळून मंचरच्या बाजारात गेली होती. लंकाला माझ्या दुकानातला वार्निशचा वास आवडायचा, मी आलो की ती मुद्दाम माझ्या शर्टाजवळून जायची. प्रत्येक वेळी गोष्ट सांगून झाली की म्हातारी विचारते, "तुमाला ठावं न्हाई?"

मला ठाऊक नसतं. मी तोंड फिरवून बसतो आणि पुढच्या तारखेला परत जातो.

मागच्या तारखेलाही साहेबांनी तारीखच दिली. स्टे उठलेला नाही. चांगदेवने त्या तुकड्यात यंदा पुन्हा ऊस लावला आहे. सरूबाईला जमिनीचा ताबा मिळायचा राहिला आहे.